व्हिडिओ सिंथ आणि मिडी: गावात बसून सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावाच्या आसपास मला साउंड-लाइटचं भरपूर काम असतं. उरलेल्या वेळात मी चित्रं वाजवतो. 'वाजवतो' हाच शब्द मला बरोबर वाटतो. ऑक्टोपॅडवर काठी पडली की जुन्या डबा टीव्हीवर पांढरे पट्टे उसळतात आणि कीबोर्डवरची गुंडी फिरवली की ते दाटतात, विरळ होतात. हे पाहून लोक जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. नागपूरपर्यंत गेल्याशिवाय सामान मिळत नाही आणि दिवसातून कधीही लाइट जाते, हे धरूनच उत्तरं लिहिली आहेत.

व्हिडिओ सिंथ म्हणजे काय? व्हिडिओ एडिटिंगच ना ते?

नाही. एडिटिंगमध्ये आधी शूट केलेलं काहीतरी लागतं. व्हिडिओ सिंथमध्ये कॅमेरा नसला तरी चालतं, कारण चित्र विजेपासूनच तयार होतं. पेटीत भात्याची हवा स्वराच्या पट्टीवरून जाते आणि सूर निघतो, तसा इथे एक ऑसिलेटर वर-खाली होणारा व्होल्टेज देतो आणि टीव्ही त्या व्होल्टेजचा उजेड-अंधार करून दाखवतो. व्होल्टेज जास्त तिथे पांढरं, कमी तिथे काळं. बाकी सगळं म्हणजे रंग, आकार, हालचाल, याच एका गोष्टीवर रचलेलं आहे.

मग टीव्हीवर चित्र उमटतं कसं? हे कळल्याशिवाय पुढे जाता येईल का?

जाता येईल, पण चाचपडत. अर्धा तास देऊन हे एकदा समजून घ्या, पुढचे सहा महिने वाचतील.

शेतात तास काढताना डोळ्यासमोर आणा. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनची धार पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक ओळ काढते, मग तिच्या खाली दुसरी. फरक एवढाच की बैल धुऱ्याशी वळतात आणि परत येताना दुसरा तास काढतात. ही धार मात्र रिकामी परत धावते आणि पुन्हा डावीकडूनच सुरू करते. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही सिग्नलच्या पद्धतीत अशा ६२५ ओळींचं एक पूर्ण चित्र होतं आणि सेकंदाला २५ चित्रं. तीही एका दमात काढली जात नाहीत. आधी एक सोडून एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. त्यांना फील्ड म्हणतात.

आता हिशेब करा. ६२५ गुणिले २५ म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. त्यातले सुमारे ५२ चित्राचे, बाकीचे १२ धार परत न्यायला. त्या रिकाम्या वेळात सिग्नल एक खालचा झटका देतो, साधारण ४.७ मायक्रोसेकंदांचा. त्याला सिंक म्हणतात. 'ओळ संपली, परत फिर' एवढाच त्याचा अर्थ. सिंक चुकला की चित्र तिरपं होतं, फाटतं, वरून खाली गडगडत जातं. ज्यांनी लहानपणी टीव्हीच्या मागचं होल्डचं बटण फिरवून चित्र थांबवलं आहे, त्यांनी सिंकशी झटापट केलेलीच आहे.

पिवळ्या एव्ही पिनमधून हे सगळं एकाच तारेने जातं. एकूण १ व्होल्ट: सिंकला ०.३ आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ०.७. समोरच्या टोकाला ७५ ओहमचा भार. हे आकडे पाठ करा, रोज लागतात.

पट्टे कसे बनतात? नुसता ऑसिलेटर जोडला की झालं?

ऑसिलेटर किती वेगाने हलतो यावर सगळं आहे. तो सेकंदाला १५,६२५ वेळा हलला तर प्रत्येक ओळीत एकदा उजेड-अंधार होतो आणि पडद्यावर एक उभा पट्टा दिसतो. दहापट, म्हणजे १,५६,२५० हर्ट्झ केला तर ओळीत दहा पट्टे बसतात. त्यातले दिसतात साधारण आठच, कारण उरलेले धार परत जाण्याच्या वेळात हरवतात. हळू ऑसिलेटर घेतला तर चित्रच पालटतं. ५० हर्ट्झला पूर्ण पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच आडवी लाट, २५० हर्ट्झला पाच आडवे पट्टे.

इथे मला या विद्येची खरी गोडी लागली. २५० हर्ट्झ म्हणजे आपल्या पेटीवरच्या सुरांचाच टापू! खालच्या सप्तकातली पांढरी सात सुमारे २४६.९ हर्ट्झवर वाजते. ती पडद्यावर टाकली की पाच पट्टे उमटतात, पण ५० च्या पटीत ती नेमकी बसत नाही, तीन हर्ट्झ कमी पडते. म्हणून पट्टे सेकंदाला तीन या संथ चालीने खाली उतरत राहतात. शेजारची पांढरी एक धरा, २६१.६ हर्ट्झ. पट्टे पुन्हा पाचच्या आसपास, पण आता उलटे, वरच्या दिशेने आणि सेकंदाला जवळजवळ बारा, म्हणजे चौपट वेगाने. कानाला अर्ध्या सुराचा फरक, डोळ्याला चढण आणि उतार. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आमच्या भजन मंडळाचे पेटीवाले काका शेजारी बसले होते. ते बराच वेळ एकच पट्टी दाबून बसले आणि म्हणाले, "सूर हालते, हे मले ठाऊक होतं. दिसला आज."

एक सावधगिरी: आवाजाची तार सरळ पिवळ्या पिनला जोडू नका. तिच्यात सिंक नसतो, टीव्हीला ओळ कुठे संपली ते कळणार नाही. आधी पट्टे बनवायचे आणि शेवटी त्यावर सिंक चढवायचा, हा क्रम प्रत्येक व्हिडिओ सिंथच्या पोटात असतो.

सुरुवातीला काय विकत घेऊ?

काहीच नाही. आधी गावात काय पडलं आहे ते बघा. एव्ही इनपुट असलेला डबा टीव्ही भंगारवाल्याकडे जाण्याआधी मागून घ्या. दुकानातला जुना सीसीटीव्ही कॅमेरा बघा. लग्नात वाजवणाऱ्याकडचा ऑक्टोपॅड किंवा कीबोर्ड बघा, त्याच्या मागे मिडीचं, म्हणजे वाजवल्याचा निरोप बाहेर देणारं, पाच छिद्रांचं गोल सॉकेट आहे का? या तीन वस्तू मिळाल्या तर तुमची सुरुवात झालेली आहे.

सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं काय काम?

सगळ्यात स्वस्त व्हिडिओ सिंथ तोच आहे. कॅमेरा टीव्हीला जोडा आणि टीव्हीकडेच रोखा. कॅमेरा टीव्ही पाहतो, टीव्ही कॅमेऱ्याला दिसलेलं दाखवतो, ते पुन्हा कॅमेरा पाहतो आणि चित्र स्वतःलाच खात बसतं. याला फीडबॅक म्हणतात. माइक स्पीकरसमोर धरल्यावर येणाऱ्या शिटीचा हा भाऊ. फक्त शिटी कान फोडते आणि हा डोळा धरून ठेवतो.

खोलीत अंधार करा. कॅमेरा टीव्हीपासून दोन-तीन हातांवर ठेवा आणि थोडा तिरपा करा. आता दोघांच्या मध्ये समई किंवा नुसती आगकाडी पेटवून क्षणभर धरा. ज्योतीचं एक पिल्लू, त्याच्या आत दुसरं, मग तिसरं, अशी वळत जाणारी माळ तयार होते. ज्योत काढून घेतली तरी माळ फिरत राहते. कॅमेरा नखभर हलवला की ती उलटी फिरते. टीव्हीचा कॉन्ट्रास्ट थोडा कमी केला की विझते, जास्त केला की पडदा पांढरा होतो. मधल्या चिंचोळ्या जागेत ती जिवंत असते. ती जागा बोटांना सापडेपर्यंत बसा. यात जे शिकाल ते महागड्या यंत्रावरही कामाला येतं.

बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांच्या वायरवर एक छोटं बटण किंवा स्विच असतो, तो सीव्हीबीएसवर, म्हणजे जुन्या टीव्हीच्या साध्या सिग्नलवर, करावा लागतो. नाहीतर जुन्या टीव्हीवर चित्र येत नाही. कॅमेऱ्याच्या बीएनसी पिनचं आरसीए, म्हणजे एव्ही पिन, करणारा अडॅप्टर सीसीटीव्हीवाल्याकडे मिळतो.

मला स्वतः बनवायचं आहे. सोल्डरिंग येतं. सोपा रस्ता कोणता?

आर्डुइनो उनो नावाचा प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा बोर्ड, दोन रेझिस्टर आणि एक एव्ही पिन. टीव्हीआउट नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, पाल सिग्नल तयार करते. ९ नंबरच्या पिनमधून १ किलोओहमने सिंक, ७ नंबरमधून ४७० ओहमने चित्र, दोन्ही पिवळ्या पिनच्या मधल्या टोकाला आणि ग्राउंड बाहेरच्या कड्याला. टीव्हीतल्या ७५ ओहमसोबत हे रेझिस्टर ५ व्होल्टची विभागणी करून बरोबर ते ०.३ आणि १ व्होल्ट देतात. वर म्हटलं ना, आकडे लागतात.

चित्र फक्त काळं-पांढरं आणि जाडं, साधारण १२८ बाय ९६ ठिपक्यांचं. मला हे जाडेपण आवडतं. गोधडीच्या ठिगळांसारखं दिसतं आणि मांडवाच्या शेवटच्या रांगेतूनही कळतं.

मिडी जोडताना एक अडचण येते. ओळी वेळेवर काढण्यात ही चिप इतकी गुंतलेली असते की नेहमीच्या पद्धतीने सीरियल वाचायला गेलात तर चित्र थरथरतं. त्यासाठी टीव्हीआउटसोबतची पोलसीरियल लायब्ररी वापरा. शिवाय उनोवर प्रोग्रॅम चढवताना मिडीची तार शून्य नंबरच्या पिनवरून काढा, नाहीतर प्रोग्रॅम चढत नाही आणि आपण उगाच केबल बदलत बसतो.

रास्पबेरी पायवर केलं तर तो 'हार्डवेअर' सिंथ म्हणायचा का?

यावर लोक हिरिरीने वाद घालतात. माझं मत सांगतो: माऊस नसेल, डोळे पडद्यावर असतील आणि हात गुंडीवर असेल, तर ते वाद्य आहे. क्रिटर अँड गिटारीचा आयसी (EYESY) आणि स्लीपी सर्किट्सचा हिप्नो ही दोन्ही नावाजलेली यंत्रं आतून रास्पबेरी पायच्या जातीच्या छोट्या संगणकावरच चालतात. दोन्ही मिडी घेतात. आयसीत तर प्रत्येक चित्रप्रकार म्हणजे पायथनमध्ये लिहिलेली एक फाइल आहे. कॉलेजात पायथन शिकलेल्या पोरांना ती उघडून बदलता येते.

पायचं चित्र डबा टीव्हीवर घ्यायचं असेल तर पायच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर कॉन्फिगच्या फाइलमध्ये एसडीटीव्ही मोड २ करा, तो पालचा आहे. पाय ४ वर कंपोझिट, म्हणजे पिवळ्या पिनचं, आउटपुट आधी चालूही करावं लागतं, ते बंदच येतं. हेडफोनच्या जागेतून चित्र काढणारी चार कड्यांची केबल घेताना नीट बघा. पायमध्ये चित्र सगळ्यात मागच्या कड्यावर असतं आणि ग्राउंड त्याच्या पुढच्या. जुन्या हँडीकॅमच्या केबलमध्ये क्रम वेगळा असू शकतो. चित्र आलं नाही तर लाल आणि पांढरी पिनही पिवळ्या सॉकेटात घालून बघा, कित्येकदा तिथेच सापडतं.

एलझेडएक्सचे मॉड्यूल फार चांगले म्हणतात. घ्यावेत का?

चांगले आहेतच. एलझेडएक्स इंडस्ट्रीज ही अमेरिकन कंपनी २००८ पासून अॅनालॉग व्हिडिओचे मॉड्यूल, म्हणजे तारांनी एकमेकांना जोडायचे सुटे भाग, बनवते आणि आजच्या व्हिडिओ सिंथच्या जगात त्यांचाच १ व्होल्टचा मापदंड चालतो. पण किमतीवर कस्टम ड्युटी चढते आणि बिघडलं तर परत पाठवणं म्हणजे दुसरी किंमत. एक वर्ष कॅमेरा, टीव्ही आणि आर्डुइनोवर काढा. तरीही हात शिवशिवत असतील तर घ्या.

घेतलेत तर दोन गोष्टी. आवाजाच्या मॉड्यूलर सिंथचे सिग्नल पाच-पाच, दहा-दहा व्होल्टचे असतात आणि व्हिडिओ मॉड्यूलला हवा असतो ० ते १. मध्ये अॅटेन्युएटर लावून सिग्नल खाली आणावा लागतो, नाहीतर पडदा नुसता काळा किंवा नुसता पांढरा होतो. दुसरी, पॉवरच्या चपट्या केबलची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला. उलटी लावली तर मॉड्यूल जळू शकतो.

हे नवीन आहे का? आपल्याकडे कोणी ऐकलेलं नाही.

पन्नास वर्षांहून जुनं आहे. कलाकार नाम जून पाइक आणि अभियंता शुया आबे यांनी १९७० च्या सुमारास बोस्टनच्या टीव्ही स्टेशनसाठी व्हिडिओ सिंथेसायझर बांधला. स्टीव्ह रट आणि बिल एट्रा यांचं यंत्र १९७३ च्या आसपासचं. ते ओळींनाच वर-खाली उचलत असे, त्यामुळे माणसाचा चेहरा डोंगररांगांसारखा दिसे. पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते शिकागोचे डॅन सँडिन. १९७१ ते ७३ मध्ये त्यांनी इमेज प्रोसेसर बनवला आणि त्याचे सगळे नकाशे मागेल त्याला दिले. ज्याला बांधायचं त्याने बांधावं. आपल्याकडे घरचं बियाणं शेजाऱ्याला देतात, ती रीत. आजही या क्षेत्रात सर्किटचे नकाशे मोकळेपणाने मिळतात, त्यामागे ही परंपरा आहे.

मिडी म्हणजे काय? त्यातून चित्र जातं का?

चित्रही जात नाही, आवाजही नाही. जातो फक्त निरोप: 'अमुक नंबरची पट्टी दाबली, इतक्या जोराने.' सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून हा प्रकार पुढे आणला आणि १९८३ च्या जानेवारीत दोन कंपन्यांचे कीबोर्ड पहिल्यांदा लोकांसमोर एका तारेने जोडले गेले. तेव्हाची ती तार आजही चालते. इतक्या वर्षांपूर्वीचं यंत्र आजच्या यंत्राशी बोलतं, असं दुसरं उदाहरण शोधून बघा.

वेग सेकंदाला ३१,२५० बिट. पट्टी दाबल्याचा निरोप तीन बाइटचा असतो, तो जायला एक मिलिसेकंदही लागत नाही. टीव्हीचं एक फील्ड २० मिलिसेकंदांचं. म्हणजे काठी पडल्यावर चित्र उशिरा आलं तर दोष मिडीचा नसतो. तो बहुधा एलईडी टीव्हीचा असतो, पुढे येतोच.

ऑक्टोपॅडने चित्र चालवता येतं, हे खरं का?

खरं आहे आणि विदर्भात याहून सोपी सुरुवात नाही. धुमाळ असो, ऑर्केस्ट्रा असो की नाटकाचं संगीत, ऑक्टोपॅड प्रत्येक ठिकाणी आहे. रोलँडच्या एसपीडी-२० किंवा एसपीडी-३० च्या मागे मिडी आउट लिहिलेलं सॉकेट आहे. कितीतरी वाजवणाऱ्यांनी त्यात आजवर कधी तार घातलेली नाही.

प्रत्येक पॅडला एक नोट नंबर असतो, ० ते १२७ मधला. सर्वसाधारण ठरलेल्या पद्धतीत खालचा ड्रम ३६, स्नेअर ३८ आणि चॅनल १०. पण किटप्रमाणे वाजवणाऱ्याने बदललेले असतात, म्हणून अंदाज करू नका. कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर येणारे निरोप दाखवणारा मिडी मॉनिटर उघडून एकेक पॅड वाजवा आणि नंबर कागदावर उतरवा.

प्रोग्रॅम लिहिताना: पहिला बाइट १४४ ते १५९ मध्ये असेल तर 'पट्टी दाबली', त्यातून १४३ वजा केले की चॅनल कळतं, १५३ म्हणजे दहावं. १७६ ते १९१ म्हणजे गुंडी फिरली, याला कंट्रोल चेंज म्हणतात. दुसरा बाइट नंबर, तिसरा जोर किंवा गुंडीची जागा. जोर शून्य आला तर त्याचा अर्थ 'सोडली' असा घ्यायचा. हे विसरलात तर प्रत्येक ठोक्याला चित्र दोनदा उडेल. काही वाद्यं पहिला बाइट पुन्हा पुन्हा पाठवत नाहीत, तसाच आहे असं गृहीत धरतात. त्याचीही सोय ठेवा.

कशाला काय जोडायचं? मी जोराला उजेड देतो. हलका हात पडला तर राखाडी पट्टा, जोरात पडला तर लख्ख पांढरा. मग वाजवणाऱ्याला काही शिकवावं लागत नाही. आमच्या ऑक्टोपॅडवाल्या पोराने पहिल्या रात्री पाचच मिनिटांत ओळखलं की हळू वाजवलं तर पडद्यावर पहाट होते. मग तो कव्वालीचा ठेका सोडून नुसत्या बोटांनी पॅडवर पाऊस पाडत बसला. आठ पॅडना आठ वेगळी चित्रं लावायचा मोह होतो, पण तीनपेक्षा जास्त लावली की बघणाऱ्याला कशाने काय होतं ते कळेनासं होतं.

मिडीच्या इनपुटला ऑप्टो, म्हणजे विजेचा थेट संबंध तोडणारी चिप, लावणं गरजेचं आहे का? सरळ जोडलं तरी चालतं की.

चालतं. मीही पहिल्यांदा सरळ जोडलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

समाजमंदिरात तालीम होती. टीव्ही एका बोर्डावर, ऑक्टोपॅड आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्या. पडद्यावर वीतभर रुंदीचा एक राखाडी पट्टा आला आणि मुंगीच्या चालीने वर सरकू लागला. टीव्ही बदलला, केबल बदलली, पट्टा तसाच. तासाभराने मी ऑक्टोपॅडची तार उपटली आणि तो गेला. दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्ये फरक होता आणि माझ्या तारेने दोघांना जोडून घरगुती विजेची ५० हर्ट्झची घरघर थेट चित्रात आणून सोडली होती. फील्डही ५० आणि वीजही ५०, म्हणून पट्टा जवळजवळ उभाच राहतो, थोड्याशा फरकाने सरकतो. गावात अर्थिंग किती ठिकाणी नीट असतं हे तुम्हाला माहीत आहे.

मिडी बनवणाऱ्यांनी हे आधीच ओळखून ठेवलं होतं. म्हणून मिडीत व्होल्टेज नाही, ५ मिलिअँपिअरचा करंट जातो आणि घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर असतो. आत एक छोटा दिवा लागतो, समोरचा डोळा तो पाहतो, मध्ये तारेचा संबंधच नाही. ६एन१३८ ऑप्टो, २२० ओहमचा रेझिस्टर आणि १एन४१४८ डायोड, हे मुख्य सामान लागतं. सॉकेटच्या ४ आणि ५ नंबरच्या पिना वापरायच्या. घेणाऱ्या बाजूला २ नंबरची पिन ग्राउंडला जोडायची नाही. ती जोडली की सगळा फायदा गेला.

गुंडी फिरवली की चित्र पायऱ्या-पायऱ्यांनी हलतं. का?

गुंडीच्या निरोपात १२८ च जागा असतात. पडद्यावरचा आकार सरकवताना त्या पायऱ्या डोळ्याला टोचतात. उपाय म्हणजे येणाऱ्या आकड्यावर एकदम उडी न मारता प्रत्येक फील्डला उरलेल्या अंतराचा थोडासा भाग चालायचं. आठवा भाग घेऊन बघा. अॅनालॉग यंत्रात हेच काम रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी करते. फारच बारकावा हवा असेल तर पिच बेंडचं चाक वापरा, त्यात १६,३८४ जागांची सोय आहे.

मिडी क्लॉक लावू का?

सीक्वेन्सरवर, म्हणजे आधी भरलेली धून आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर, वाजवत असाल तर लावा. क्लॉक दर मात्रेला लय सांगणारे २४ बारीक निरोप देतो. माणसं वाजवत असतील तर नको. नाटकातली लय नटाच्या श्वासाप्रमाणे ताणते आणि आवळते. तिथे ठोक्यावरच भरवसा ठेवा.

कीबोर्डला फक्त यूएसबी आहे, गोल सॉकेट नाही.

यूएसबीत एक जण मालक लागतो, ज्याला होस्ट म्हणतात. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड दोघेही नोकर, ते एकमेकांशी बोलत नाहीत. रास्पबेरी पाय होस्ट होऊ शकतो. आर्डुइनो उनो होऊ शकत नाही. उनो वापरत असाल तर गोल सॉकेटचाच कीबोर्ड शोधा. साडेतीन मिमीच्या जॅकमधून मिडी देणारी यंत्रंही येतात, त्यांत ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. २०१८ मध्ये ए प्रमाण ठरला, तरी आधीची बी सापडतात. निरोप जात नसेल तर आधी हेच तपासा.

एलईडी टीव्हीवर 'नो सिग्नल' का येतं? डबा टीव्हीवर तर चांगलं चालतं.

डबा टीव्ही क्षमाशील असतो. सिंक थोडा हलला तरी तो चित्र ओढून नेतो, फार तर मुंग्या येतील, कड वाकडी होईल. एलईडी टीव्ही, प्रोजेक्टर, लग्नातली एलईडी वॉल ही सगळी आधी सिग्नलचे आकडे करतात आणि मग दाखवतात. सिंक पसंत पडला नाही की निळा पडदा. टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र मध्ये लावलं तर ते सिंक नव्याने घालून देतं. एडिरॉल व्ही-४ सारख्या जुन्या व्हिडिओ मिक्सरमध्ये ही सोय आतच असते आणि तो मिडीनेही चालतो, म्हणून सेकंडहँड दिसला तर सोडू नका. स्वस्तातलं एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर स्वच्छ सिग्नल नीट घेतं, पण फीडबॅकच्या वेड्यावाकड्या चित्राला दचकतं.

उशीर हा दुसरा भाग. आकडे करण्यात काही फ्रेम जातात. काठी पडते, आवाज येतो आणि पट्टा नंतर उसळतो. टीव्हीत गेम मोड असेल तर तो लावा.

कॅमेरा आणि आर्डुइनो दोन्हीची चित्रं एकत्र करता येतील?

दोन सिग्नल नुसते तारेने जोडले तर दोघांचे सिंक भांडतात. तिफणीला जुंपलेल्या बैलांनी आपापल्या वेळी पाऊल टाकलं तर तास कुठे जाईल? एकाला दुसऱ्याच्या पावलावर चालवावं लागतं. त्याला जेनलॉक म्हणतात. साध्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात ती सोय नसते, म्हणून वरच्यासारखा मिक्सर लागतो. किंवा सोपी युक्ती: आर्डुइनोचं चित्र एका टीव्हीवर लावा, कॅमेऱ्याचं दुसऱ्यावर आणि कॅमेऱ्याला दोन्ही टीव्ही दिसतील असा ठेवा. उजेडाला सिंक लागत नाही.

लाइट जाते, व्होल्टेज कमी-जास्त होतं, उन्हाळ्यात ४५ अंश असतं. यंत्रं टिकतील?

साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर चित्रात बारीक फणी उमटते. साइन वेव्हचा असेल तर तो घ्या. आर्डुइनो आणि पाय पॉवर बँकेवर चालवा. स्वस्त आणि स्वच्छ, शिवाय अर्थिंगचा प्रश्नच मिटतो. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या खोलीत दुपारी काम करू नका. ऑसिलेटर गरम झाला की सरकतो आणि सकाळी जुळवलेले पट्टे दुपारी पळायला लागतात. अडॅप्टरवर किती व्होल्टचा आहे ते पेंटने मोठ्या अक्षरात लिहा. कॅमेऱ्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या बोर्डात घालून मी एक बोर्ड गमावला आहे.

धोका काही आहे का?

दोन आहेत आणि दोन्ही गंभीर.

डबा टीव्ही उघडू नका. पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहतो. काम एव्ही पिनपर्यंतच. आतलं काही करायचं असेल तर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जा आणि त्याच्या शेजारी बसून शिका.

दुसरा झगमगाटाचा. पूर्ण पडदा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप करू देऊ नका, त्यातही लाल रंग तर नाहीच. मिरगी असलेल्या माणसाला त्याने झटका येऊ शकतो, आणि कित्येकांना आपल्याला तो त्रास आहे हे ठाऊकही नसतं. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो लोकांना, त्यात बहुतेक मुलं, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आपल्या मांडवात पुढच्या रांगेत चटईवर लेकरंच बसलेली असतात. ऑक्टोपॅडवाला जोशात येऊन रोल वाजवतो, म्हणून ही मर्यादा त्याच्या हातावर सोडू नका, प्रोग्रॅममध्येच घाला. एक उजेड झाला की पुढचा एक तृतीयांश सेकंद जाईपर्यंत नवा ठोका फक्त पट्टे हलवेल, पडदा उजळवणार नाही.

नाटकाच्या रात्री लावायचं आहे. यंत्र कुठे ठेवू, तार किती लांब चालते?

वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटकं रात्रभर चालतात आणि संगीताची मंडळी रंगमंचासमोर खाली बसते. सिंथ तिथेच, ऑक्टोपॅडच्या पायाशी ठेवा. मिडीची तार १५ मीटरपर्यंत ठीक, त्यापुढे ताणू नका. चित्राची तार मात्र लांब नेता येते. सीसीटीव्हीला वापरतात ती ७५ ओहमची आरजी-५९ कोॲक्स घेतली तर मांडवाच्या मागच्या टोकापर्यंत चित्र सहज जातं.

टीव्ही दोन लावा, विंगेच्या दोन्ही बाजूंना, नटांच्या तोंडावर उजेड येणार नाही असे. दिग्दर्शकाला आधी दाखवा आणि तो म्हणेल त्या प्रवेशात पडदा पूर्ण काळा ठेवा. त्यासाठी एक पॅड राखून ठेवा, 'बंद'चा. पहिल्या खेळाला मी तो ठेवला नव्हता. आईच्या मरणाच्या प्रवेशात मागे पट्टे नाचत राहिले आणि मला वायर उपटावी लागली. आता डाव्या कोपऱ्यातल्या वरच्या पॅडवर काळी टेप लावलेली असते. तिथे काठी पडली की दोन्ही टीव्ही विझतात आणि वाजवणारा पुन्हा हात लावेपर्यंत विझलेलेच राहतात.